हुतात्म्यांची हजेरी

दिवाळीच्या अंकात गोळीबाराची गोष्ट काढणे बरे नव्हे, हे मला कळते. घरात फराळाचे डबे भरलेले, मुले किल्ल्यावर मावळे मांडण्यात गुंतलेली, आणि अशा वेळी हे काय घेऊन बसलात बाई, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण ही गोष्ट मी काढलेली नाही. ती माझ्या वर्गातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने काढली, आणि त्याच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. त्या न दिलेल्या उत्तरापोटी हा लेख लिहीत आहे.

मी मीरा रोडच्या शांती नगरात राहते. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण झाले नाही. एका लहानशा खाजगी शाळेत मराठीचे तास घेते आणि रात्री भांडी आवरून झाली की कादंबऱ्या लिहिते. आमचे शांती नगर म्हणजे सेक्टरासेक्टरांत वसलेली चारमजली, सातमजली बिऱ्हाडे. गिरगाव, लालबाग, परळ सोडून आलेली मराठी माणसे येथे आहेत, तसेच गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, हिंदू, जैन, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळेच आहेत. माझ्या वर्गाची हजेरी घेतली की अर्ध्या हिंदुस्थानचा नकाशा डोळ्यांपुढून जातो.

२०२५ च्या जुलै महिन्यात याच मीरा रोडचे नाव देशभर गाजले. मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तिच्या निषेधार्थ व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठी माणसांनी मोर्चा काढायचे ठरवले. पोलिसांनी ठरलेल्या मार्गाला परवानगी दिली नाही, पुढाऱ्यांना पहाटेच ताब्यात घेतले, जमलेल्यांना गाड्यांत भरभरून नेले. तरीही मोर्चा निघाला तो निघालाच. सुदैवाने गोळी सुटली नाही. पण त्या आठवड्यात माझा वर्ग मुका झाला होता. मधल्या सुट्टीत एरवी एका डब्यात हात घालणारी मुले आपापला डबा घेऊन वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली होती.

ते पाहून मला राहवेना. मराठीचा तास होता. धडा बाजूला ठेवला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांची यादी घेऊन आले. शिक्षकाला एक खोड जन्माची लागलेली असते. नावांची यादी हाती पडली की ती हजेरीसारखीच वाचली जाते. मीही तशीच वाचू लागले. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. तिसऱ्या नावालाच मागच्या बाकावरचा एक गुजराती मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांचे दुकानही त्या दिवशी बंद होते.

"बाई, हा शेठ म्हणजे आमच्यातला?"

"हो रे बाळा, नावावरून तरी तसंच दिसतंय."

"मग त्याला कोणी मारलं? मराठी माणसांनी?"

"नाही. पोलिसांच्या गोळीनं गेला."

"मग त्या पोलिसांची चौकशी झाली का?"

मी यादीकडे पाहत राहिले. तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटले, एवढेच.

त्या मुलाला जे तेव्हा सांगायला हवे होते, ते आता सविस्तर सांगते. नव्या पिढीतल्या पुष्कळ वाचकांनाही त्यातले थोडेच ठाऊक असेल.

भाषावार प्रांतरचनेचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९५३ च्या डिसेंबरात फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचे मंडळ नेमले. १९५५ च्या ऑक्टोबरात त्याचा अहवाल लोकांपुढे आला. तेलुगू भाषकांना आंध्र मिळाला होता, कानडी आणि मलयाळी भाषकांनाही आपापली राज्ये मिळायची होती. मराठी माणसाला मात्र गुजरातसह द्वैभाषिक राज्य आणि वेगळा विदर्भ असा तोडगा सुचवला गेला. नोव्हेंबरात काँग्रेसच्या कार्यकारिणीने दुसरा तोडगा काढला. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर तिसरे राज्य. ज्या शहराच्या गिरण्या कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांच्या घामावर चालत होत्या, ते शहरच त्यांच्या राज्यातून वगळायचे, हे मराठी माणसाच्या जिव्हारी लागले.

२० नोव्हेंबरला, रविवारी, चौपाटीवर काँग्रेसची सभा झाली. स. का. पाटील आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी मुंबई महाराष्ट्राला कधीच मिळायची नाही, अशा आशयाची भाषणे केली आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मुंबईत संप झाला. कामगारांचे लोंढे विधानसभेकडे निघाले. जमावबंदीचा हुकूम होता. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी अडवले. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला आणि मग बंदुका रोखल्या. त्या दिवशी पंधरा माणसे गेली. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. चाळींच्या गॅलऱ्यांतले आकाशकंदील पुष्कळ ठिकाणी अजून उतरवलेही नसतील.

तेव्हाचे विधानभवन काळा घोड्याच्या पुढे, रीगल सिनेमाच्या समोर होते. आज त्याच जुन्या वास्तूत महाराष्ट्राच्या पोलीस दलाचे मुख्यालय आहे. ज्या दारापर्यंत आपले गाऱ्हाणे नेण्यासाठी माणसे निघाली होती, त्या दाराला पुढे पोलिसांचीच पाटी लागली. हा योगायोग आहे. पण तेथून जाताना मला तो दर वेळी टोचतो.

यानंतर दोनच महिन्यांनी याहून मोठा घाव बसला. संक्रांतीचा तिळगूळ नुकताच वाटून झाला होता. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, अशी घोषणा पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून केली. त्या रात्रीपासून शहर पेटले. सुमारे आठवडाभर गिरगाव, लालबाग, परळ अशा ठिकठिकाणी गोळीबार होत राहिले. बेळगावात आणि निपाणीतही मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

आमच्या इमारतीत एक आजोबा आहेत. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते आणि ठाकूरद्वारच्या एका चाळीत राहत होते. एकदा मी त्यांना त्या दिवसांबद्दल विचारले. पुष्कळ वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मी गॅलरीत उभा होतो. आईनं दंडाला धरून असं आत ओढलं, की दोन दिवस हात दुखत होता. समोरच्या बिऱ्हाडातले एक गृहस्थ दुधाला म्हणून उतरले. ते काही परत वर आले नाहीत. दुधाची किटली मात्र कोणीतरी आणून दिली." एवढे बोलून ते उठले आणि देवापुढची समई सारखी करू लागले. पुढचे विचारायचा मला धीर झाला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. नाही तर इतिहास लिहिल्याचे समाधान मला लाभणार नाही. त्या जानेवारीत दगडफेक झाली, जाळपोळ झाली, दुकाने लुटली गेली. त्यांत गुजराती माणसांची दुकाने होती. ज्यांचा राजकारणाशी काडीचाही संबंध नव्हता अशा कुटुंबांनी दारांना कड्या घालून ते दिवस काढले. दंगल आवरणे हे आमचे कर्तव्य होते, असे सरकारचे म्हणणे होते, आणि दंगल आवरणे कोणत्याही सरकारला भागच असते. पण दंगल आवरणे निराळे आणि माणसे टिपणे निराळे. गोळी झाडण्यावाचून इलाज नव्हता का? आधी इशारा दिला होता का? गोळी पायांवर मारली की छातीवर? जो मेला तो लुटणारा होता की दूध आणायला गेलेला? या प्रश्नांची उत्तरे सरकारच्या तोंडून कळत नसतात. ती न्यायाधीशापुढे, शपथेवर, दोन्ही बाजूंचे साक्षीदार उलटतपासून काढावी लागतात.

तेवढीच मागणी लोकांनी केली होती. चौकशीसाठी आयोग नेमण्याचा कायदा १९५२ सालीच झाला होता, म्हणजे साधन हाताशी होते. पुण्यात ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, नाना पाटील असे एरवी एकमेकांशी कडाडून भांडणारे लोक एका मांडवाखाली आले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी, ही मागणी तर होतीच. तिच्या जोडीला गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, अशीही मागणी होती. मोरारजींनी ती साफ नाकारली.

या नकाराची खंत केवळ विरोधकांना वाटली असे नव्हे. केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ च्या जुलैत राजीनामा दिला, तेव्हा लोकसभेतल्या आपल्या निवेदनात त्यांनी हे चौकशीचे शल्यही बोलून दाखवले. देशमुख हे मोर्चे काढणारे गृहस्थ नव्हते. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आकडेमोडीत आणि संस्कृतात रमणारा माणूस. अशा माणसालाही वाटले की माणसे मारली गेली आहेत आणि हिशेब द्यायला कोणी तयार नाही, तर या खुर्चीत बसून चालणार नाही.

कोणी म्हणेल, मोरारजी गुजराती, म्हणून त्यांनी मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा असे पुष्कळांनी म्हटले, आजही म्हणतात. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टकडे पाहावे. संसदेने मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात यांचे एकच मोठे द्वैभाषिक राज्य करायचे ठरवले, तेव्हा अहमदाबाद खवळले. ८ ऑगस्ट १९५६ ला तेथल्या काँग्रेस भवनासमोर विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि तरुण मुले मेली. मुख्यमंत्री मोरारजीच होते आणि मेलेली मुले गुजराती होती. आपल्या भाषेचे राज्य मागणाऱ्या मराठी माणसाला जी गोळी लागली, तीच आपल्या भाषेचे राज्य मागणाऱ्या गुजराती मुलाला लागली. बंदुकीला भाषा नसते. तिच्या मागे हुकूम असतो, आणि त्या हुकुमाबद्दल जाब विचारणारे कोणी नसले म्हणजे तो पुन्हा सुटतो.

म्हणूनच ती हुतात्म्यांची यादी मला फार बोलकी वाटते. एकशेपाच हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. पुढे तो एकशेसहा झाला, काही याद्यांत एकशेसात भरतात. मेलेल्यांची साधी मोजणीही सरळ होऊ नये, हा चौकशी न झाल्याचाच परिणाम म्हटला पाहिजे. आणि नावे तरी पाहा. पवार, मोरे, सावंत, कदम आहेतच. पण पेजारकर आहेत, झेवियर आणि जॉन आहेत, वेदीसिंग आहेत, महमद अली आणि सय्यद कासम आहेत, रावजीभाई डोसाभाई पटेल आहेत, होरमसजी करसेटजी आहेत. ठमाबाई सूर्यभान आणि निपाणीच्या कमलाबाई मोहिते या दोघी बायका आहेत. यांतले कोण मोर्च्यात घोषणा देत होते आणि कोण नुसतेच रस्ता ओलांडत होते, हे आज कोणी सांगू शकत नाही. ते ज्याने सांगायचे, तो न्यायाधीश कधी नेमलाच गेला नाही.

मग लोकांनी काय केले? त्यांनी मतपेटीची वाट पाहिली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. मध्य मुंबईतून डांगे लोकसभेत गेले, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील गेले. स्वतः यशवंतराव चव्हाण कराडला थोडक्या मतांनी तरले. परंतु गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर द्वैभाषिकाचे सरकार टिकले. म्हणजे ज्यांच्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या, त्यांनी आपला कौल तर दिला, पण राज्य काही मिळाले नाही. असा प्रसंग कोणत्याही लोकशाहीत फार नाजूक असतो. निवडणूक संपलेली असते, लोकांच्या मनात अन्याय झाल्याची भावना असते, आणि सरकारला आपण जिंकलो याची घमेंड असते.

जगात अशा वेळी काय होते, ते आपण पाहतोच. केनियात २००७ च्या डिसेंबरात अध्यक्षपदाच्या निकालावरून लोक रस्त्यावर आले आणि पुढच्या दोन महिन्यांत अकराशेहून अधिक माणसे मेली. न्यायमूर्ती वाकी यांच्या चौकशी आयोगाने सांगितले, की त्यांतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसे गोळ्यांनी मेली आणि त्या पोलिसांनी झाडल्या होत्या. ते देश गरीब असेल, पण मेलेल्यांचा हिशेब मांडणारा एक न्यायाधीश तरी त्याने नेमला.

आपल्याकडे निवडणुकीनंतरची परीक्षा ३० नोव्हेंबर १९५७ ला झाली. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी पंतप्रधान नेहरू येणार होते. समितीने काळ्या निशाणांनी निदर्शने करायचे ठरवले. वाईला आणि पसरणीच्या घाटात हजारो माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पोलीसही तेच होते, पक्षही तेच होते, मागणीही तीच होती. दोन वर्षांपूर्वीच्या जखमा ओल्या होत्या. तरी पंतप्रधानांची मोटार घाटातून गेली, घोषणा झाल्या, निशाणे हलली, आणि एकही गोळी सुटली नाही. समितीच्या पुढाऱ्यांनी माणसे आवरली, मुख्यमंत्री चव्हाणांच्या सरकारने बंदुका आवरल्या. म्हणजे हे जमते! गोळीवाचून इलाज नव्हता, असे जेव्हा जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तेव्हा मला पसरणीचा घाट आठवतो. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई त्याची राजधानी झाली. ज्या जागी पहिली माणसे पडली, त्या फाउंटनपाशी स्मारक उभे राहिले आणि चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले.

राज्य मिळाले आणि स्मारकही झाले. चौकशी मात्र राहून गेली. आपलेच सरकार आले, तेव्हा तरी ती का झाली नाही? मला वाटते, आनंदाच्या भरात जुना हिशेब काढणे कोणाला बरे वाटले नसेल. मंगलकार्याच्या घरात गेलेल्या माणसाचा विषय काढू नये, ही आपली रीतच आहे. हुतात्मा म्हटले की हार घालता येतो. खून झालेला माणूस म्हटले की खुनी कोण, हे विचारावे लागते.

या गोष्टीला एक शेवटचे वळण आहे आणि ते मी त्या मुलाला मुद्दाम सांगितले. १९७५ च्या जूनमध्ये इंदिरा गांधींची निवडणूक अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. देशभर राजीनाम्याची मागणी उठली. त्यावर सरकारने आणीबाणी पुकारली आणि रातोरात विरोधकांना तुरुंगात टाकले. त्यांत एक म्हातारे गृहस्थ होते मोरारजी देसाई. दीड वर्षाहून अधिक काळ ते खटल्यावाचून अटकेत राहिले. १९७७ च्या निवडणुकीनंतर तेच पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारने पहिल्या काही आठवड्यांतच आणीबाणीतल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती शहांचा आयोग नेमला. फार चांगले केले. पण १९५६ मध्ये गिरगावातल्या आयाबाया जे मागत होत्या, ते याहून वेगळे काय होते? चौकशीची किंमत मोरारजींना कळली ती स्वतःवर पाळी आल्यावर. मी हे कुचेष्टेने लिहीत नाही. आपणा सर्वांचेच असे असते. दुसऱ्याचा मोर्चा म्हणजे दंगल आणि आपला मोर्चा म्हणजे हक्क, असेच आपल्याला वाटते. आमच्या मीरा रोडलाही त्या जुलैत दोन मोर्चे निघाले. व्यापाऱ्यांचा हक्क मराठी माणसाला दिसेना आणि मराठी माणसाचा व्यापाऱ्यांना दिसेना. मारहाण हा तर कोणाचाच हक्क नव्हे, मग ती काठीने होवो की हाताने.

संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असे शब्द येणार होते. ते बदलून 'सर्व माणसे' करा, असा आग्रह ज्यांनी धरला त्या हंसा मेहता मुंबईच्या कायदेमंडळात बसलेल्या, जन्माने सुरतेच्या. सर्व माणसे! मराठी नव्हे, गुजराती नव्हे, आपला मोर्चा आणि त्यांचा मोर्चा नव्हे. आपल्या राज्यघटनेनेही शांततेने, शस्त्रांवाचून जमण्याचा हक्क सर्व नागरिकांना दिला आहे. २२ जानेवारी १९५६ च्या सुमारास मुंबईतले गोळीबार थांबले आणि चारच दिवसांनी त्या घटनेला सहा वर्षे पुरी झाली. तेव्हा ती माझ्या वर्गातल्या मुलांहूनही लहान होती.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी वर्गातल्या काही मुलांना लोकलने चर्चगेटला नेले आणि तेथून चालत हुतात्मा चौकात. सोबत दोघांचे वडील होते, एक मराठी, एक गुजराती. त्या शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या पुतळ्यांखाली आम्ही उभे राहिलो. ज्याने प्रश्न विचारला होता, त्यालाच मी यादी वाचायला दिली. रहदारीच्या आवाजात त्याचा आवाज पुरत नव्हता, तरी त्याने एकही नाव गाळले नाही. चिमणलाल शेठ वाचताना तो जरा थांबला आणि सीताराम घाडीगावकरांशी यादी संपली, तेव्हा इतर मुले आपोआप टोप्या काढून उभी होती.

मग मी त्याला त्याचे उत्तर दिले. "नाही रे बाळा, चौकशी झाली नाही."

त्याने यादीची घडी करून माझ्या हातात ठेवली. "मग बाई, आता नाही का होणार?"

शाळेच्या हजेरीच्या वहीत शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. नावापुढे काही लिहायचे राहिले असेल तर त्यात लिहायचे. घरी आल्यावर मी ती यादी टेबलावर पसरली आणि प्रत्येक नावापुढे पट्टीने तो रकाना आखला. तो अजून कोराच आहे.